टाकीशेजारचा पाहुणा

रेक्सने माझा टूथब्रश कापला, त्याच दिवशी मला कळायला हवं होतं की हा नवरा हाताबाहेर गेलाय. दांडी अर्ध्यात कापली, टोक कानशीने घासून गुळगुळीत केलं आणि माझ्यापुढे धरून म्हणाला, "बघ, दात घासायला एवढी दांडी पुरते." स्वतःचाही कापला होता, हे सांगायला हवं. जाच करताना तो दोघांना सारखंच धरतो.

हे सगळं चाललं होतं ट्रेलरसाठी. जीपच्या मागे जोडायचा छोटासा, दोन चाकांचा, उंच टायरांचा ट्रेलर. लष्कराने लिलावात काढलेला नुसता सांगाडा रेक्सने आणला आणि दीड वर्ष शेडमध्ये त्याच्या मागे लागला. वर उघडणारा तंबू, बाजूने खणासारखं बाहेर ओढायचं स्वयंपाकघर, फ्रीज, बॅटरी, छतावर सोलर, आणि पुढच्या कप्प्यात, फळीच्या मागे, पाण्याची टाकी. टाकीच्या चारही बाजूंनी त्याने फोमचे तुकडे चिकटवले होते, रस्त्याने कितीही आपटलं तरी टाकी हलू नये म्हणून. पाळण्यातल्या बाळाला कुणी इतकं जपत नाही.

आमचं गाव गव्हाच्या पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. त्याच्या उत्तरेला शेतं संपतात, खारी झुडपं सुरू होतात आणि मग दिवसभर गाडी चालवली तरी माणूस दिसत नाही. तिकडे जाताना पाणी, डिझेल, जेवण, सगळं बरोबर न्यावं लागतं. आणि रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा, त्यामुळे एक किलो जास्त झालं तरी कुठला तरी बोल्ट तुटतो, असं रेक्सचं म्हणणं. स्वयंपाकघरातला वजनकाटा शेडमध्ये गेला तो परत आलाच नाही. मी वर्षभर केकचं पीठ अंदाजाने घेत होते.

ट्रेलर माझ्यासाठी आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडायला लागला होता. अ‍ॅडलेडच्या डॉक्टरने सांगितलं, यावर औषध नाही, डाग वाढत जाणार. कडेचं दिसत राहील, पण वर्षभरात माणसांचे चेहरे ओळखू येणार नाहीत. तो म्हणाला, "काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या." असली वाक्यं डॉक्टर लोक किती सहज बोलतात!

माझं एकच राहिलं होतं. माझे वडील मारी गावी रेल्वेत होते. ते तरुण असताना आयर तळं भरलं होतं. एरवी ते तळं म्हणजे क्षितिजापर्यंत नुसतं मीठ. पण वरती क्वीन्सलँडला मोठा पूर आला की पाणी महिनोन्‌महिने वाळवंटातून वाहत खाली येतं, आणि मग कुठून कुणास ठाऊक हजारो पेलिकन पक्षी तिथे उतरतात. वडिलांनी ते दुर्बिणीतून पाहिलं आणि मला म्हणाले, पुढच्या वेळी तुला नेतो. पुढच्या वेळेआधीच ते गेले. दुर्बीण माझ्याकडे राहिली. लहान मुलीला दिलेलं वचन म्हातारपणीसुद्धा पोटात तसंच बसून असतं.

आणि त्या वर्षी क्वीन्सलँड बुडालं. मे महिन्यात तळ्यात पाणी आल्याची बातमी आली. डाग अजून नाण्याएवढा होता. दुर्बीण लावून जरा तिरपं बघितलं की मला पाखराच्या पंखाची काळी कडासुद्धा दिसायची. म्हणजे वेळ होता, पण जेमतेम.

जूनमध्ये एके दिवशी रेक्स म्हणाला, "ग्लेनिस, जरा आत बस ग ट्रेलरमध्ये."

"कशाला?"

"धूळ कुठून शिरते ते बघायचंय. मी झाकण लावतो. आत अंधार होईल. जिथून उजेड येताना दिसेल तिथे खडूने खूण कर."

मी गुडघे पोटाशी घेऊन त्या खोक्यात बसले. त्याने वरून झाकण लावलं, कड्या खटाखट बंद केल्या. मी बघत राहिले. जिथे बघावं तिथे डाग, आणि डागाच्या कडेला कुठेतरी उजेडाचा एक बारीक टिपका. तिकडे नजर वळवली की तो नाहीसा.

"दिसतंय का काही?" बाहेरून आवाज आला.

"आहे एक. पण बघायला गेलं की जातो."

"जातो म्हणजे? भोक कुठं जाणारे? सरळ बघ ना!"

"सरळ बघितलं की दिसत नाही रे, माहितेय ना तुला?"

तो काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि मर्व्ह. मर्व्ह म्हणजे आमच्या गावच्या गाडीवाल्यांच्या क्लबचा जुना खांब. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. दोघे टायरमधली हवा किती उतरवायची यावर बोलायला लागले. वाळूत किती, दगडात किती, पन्हाळीवर किती. मी आत बसून ऐकत होते. माझे पाय बधिर झाले. शेवटी मी आतून पत्रा बडवला.

"अरे! आत कोण?" मर्व्ह ओरडला. "पाहुणा आधीच येऊन बसला की काय?"

दोघेही खो खो हसले. मग कड्या उघडल्या.

पाहुणा म्हणजे काय ते सांगते. क्लबकडे एक दगड आहे. नदीतला, तांबडा, नऊ किलोचा, एका अंगाला तासल्यासारखी धार असलेला. कुणी नवा ट्रेलर सजवला आणि पहिल्या लांबच्या वाटेला निघाला, की बाकीचे गुपचूप तो दगड त्याच्या सामानात दडवतात. बिचारा वाळवंटभर धोंडा ओढत फिरतो आणि कधीतरी पांघरुणाखाली, नाहीतर बटाट्यांच्या पिशवीत, त्याला पाहुणा भेटतो. त्यावर आधीच्या सगळ्यांची नावं पांढऱ्या रंगाने लिहिलेली. मग दगड टाकून द्यायचा नाही, घरी आणायचा, सगळ्यांना बिअर पाजायची आणि हसायचं. हसणं सगळ्यांत महत्त्वाचं. एकजण हसला नव्हता, फार वर्षांपूर्वी. त्याला पुन्हा कुणी कुठे बोलावलं नाही, आणि शेवटी तो गाव सोडून गेला.

रेक्सला मात्र पाहुणा मिळेल की नाही याची खात्री नव्हती, आणि हेच त्याचं दुखणं होतं. निवृत्तीनंतर तो माझ्याबरोबर अ‍ॅडलेडहून इथे आला. जन्म गेला विम्याच्या कचेरीत. क्लबात नऊ वर्षं वर्गणी भरूनही तो 'शहरातला रेक्स'च राहिला. त्याला कुणी तोंडावर वाईट बोलायचं नाही, आणि पाठीवर थापही मारायचं नाही.

जुलैत निघायचं ठरलं. आदल्या आठवड्यात माझं सामान काट्यावर चढलं. हातांची खुर्ची बाद, तिच्या जागी कापडी स्टूल. लोकरीचा जाड झगा बाद. पाण्याचा जादाचा डबा बाद, कारण सगळं पाणी टाकीत असलं की वजन नीट चाकांवर येतं, डबा मागे ठेवला की हुकावरचं गणित बिघडतं. मग त्याने दुर्बीण उचलली.

"ही राहू दे," मी म्हटलं.

"जवळजवळ दीड किलो आहे. पितळ आहे नुसतं."

"रेक्स, मी तळं बघायला चाललेय. त्यासाठीच तर चाललोय ना आपण?"

"तळं केवढं मोठं असतं! त्याला दुर्बीण कशाला लागते? आणि खरं सांग, तुला त्यातनं आता काय दिसतं?"

"तिरपं धरलं की दिसतं."

"तिरपं!" तो म्हणाला आणि दुर्बीण कपाटात ठेवून आला. भांडायचं होतं मला. पण गाडी तोच चालवणार, ट्रेलर त्याचा, डोळे माझे. ज्याला दुसऱ्यावर अवलंबून राहायचं असतं, त्याला शब्द गिळायची सवय आपोआप लागते.

धान्याच्या कोठाराजवळच्या मोठ्या काट्यावर जीप आणि ट्रेलर नेऊन त्याने शेवटचं वजन केलं, आणि घरी येताना शीळ घालत होता. त्या संध्याकाळी क्लबवाले निरोपाची बिअर प्यायला आले. रेक्स त्यांना घरामागे चुलीपाशी मांस भाजून देत होता. मर्व्ह आणि त्याचा क्लबातला जोडीदार डग मधेच "ट्रेलर बघून येतो" म्हणून शेडमध्ये गेले आणि बऱ्याच वेळाने हात झटकत आले. मला आवाज ऐकू आला होता. फळी सरकवल्याचा, मग काहीतरी फाडल्याचा. मला वाटलं, चला, रेक्सला पाहुणा मिळाला. मला बरं वाटलं त्याच्यासाठी, आणि म्हणून मी गप्प राहिले.

दगडाला जागा करायला त्यांनी टाकीशेजारचा फोमचा तुकडा उपटून काढला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही विल्यम क्रीकला पोहोचलो. तिथे एक खानावळ, चार झाडं आणि विमानाचा पट्टा. आंघोळी खानावळीत झाल्या, चहाही तिथलाच, त्यामुळे टाकीला हात लागला नाही. सकाळी तळ्याच्या फाट्याला लागलो. असा रस्ता मी आयुष्यात पाहिला नव्हता. दात वाजत होते, गाडीतले डबे वाजत होते, आणि रेक्स टायरची हवा आणखी उतरवून खुशीत गाडी हाकत होता. "ट्रेलर बघ कसा येतोय मागून! आवाज नाही काही!" आवाज कुठून येणार? टाकी आणि दगड दोन्ही फळीच्या आड होते.

दुपारी जेवायला थांबलो. मी किटली नळाखाली धरली. नळ खोकला, दोन थेंब आले आणि थांबला.

"रेक्स, पाणी येत नाहीये."

"हवा अडकली असेल. पंप चालू कर."

पंप चालू होताच. त्याने फळी काढली. आत सगळं ओलं होतं, तांबड्या चिखलाने माखलेलं. टाकीच्या अंगाला हाताएवढी लांब चीर पडली होती. आणि तिला टेकून पाहुणा बसला होता, पांढऱ्या नावांसकट.

मी रेक्सच्या तोंडाकडे बघितलं. तिरपं बघावं लागतं, पण तेव्हा चेहरा कळायचा मला. आधी तो पांढरा पडला. टाकीवर, तिच्या फोमवर त्याने किती दिवस घालवले होते! मग त्याच्या तोंडावर हळूहळू काय पसरलं म्हणाल? आनंद. माणसाला बढती मिळाल्यावर होतो तसा.

"मर्व्ह!" तो म्हणाला. "साल्या मर्व्ह! गाठलंस मला!" आणि तो गुडघ्यांवर बसून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. दगड उचलून मांडीवर घेतला, बोटाने नावं वाचली. "ग्लेनिस, यांनी मला पाहुणा दिला ग. मला!"

"टाकी फुटलीये, रेक्स."

"हो ना," तो म्हणाला. आणि मग उभा राहून त्याने घड्याळ बघितलं, रस्त्याकडे बघितलं. "मागे फिरायला हवं."

"तळं किती लांब आहे?"

"असेल बाराएक किलोमीटर."

"मग बघून तर येऊ! अर्धा तास! थर्मासमध्ये पाणी आहे की."

"पाणी संपलं की तोंड फिरवायचं. क्लबचा पहिला नियम आहे. पुढे जाऊन गाडी रुतली तर?"

"नाही रुतणार."

"असंच म्हणतात सगळे. आणि मग विमानातून हाडं शोधावी लागतात."

वारा उत्तरेकडून होता. त्याला मिठाचा वास होता. आणि त्याच वेळी आमच्या डोक्यावरून पाखरांची एक रांग गेली, हळू, जड पंखांची. मी मान तिरपी केली आणि मला ती दिसली, मग डागात शिरली, मग पुन्हा पलीकडे दिसली. पेलिकन. तळ्याकडे चालले होते.

मी रडले. साठी उलटलेली बाई वाळूत बसून लहान मुलीसारखी रडले. "रेक्स, पाया पडते तुझ्या. फक्त बघून येऊ. फक्त बारा किलोमीटर. पुढच्या वर्षी मला नाही रे दिसणार." आयुष्यात मी कुणाचे इतके पाय धरले नव्हते, आईच्या आजारपणात देवाचेसुद्धा नाही.

"उद्या," तो म्हणाला. खांद्यावर हात ठेवून, प्रेमानेच. "खानावळीत टाकी सांधतो, भरतो, उद्या सकाळी परत येऊ. पण नियम म्हणजे नियम, ग्लेनिस. मी तुला धोक्यात नाही घालणार."

खानावळीत पोहोचल्यावर त्याने टाकी सांधली, हे खरं. प्लास्टिक वितळवून तळहाताएवढं ठिगळ लावलं. त्याआधी मर्व्हला फोन केला, हेही खरं. पलीकडचं हसणं मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं.

सकाळी उठलो तो पाऊस पडत होता. तिकडचा पाऊस थोडाच असतो, पण रस्त्याचा साबण होतो. फाट्यावर 'रस्ता बंद'ची पाटी लागली. तळ्याच्या राखीव भागाचा राखणदार म्हणाला, "आठवड्याने उघडेल, कदाचित. ऊन पडलं तर लवकर." मी म्हटलं, थांबू या. रेक्सने दोन दिवस काढले आणि मग चुळबुळायला लागला.

"रविवारी क्लबचं वार्षिक बार्बेक्यू आहे," तो म्हणाला.

"मग?"

"मग पाहुणा नको का न्यायला? माझ्याकडेच आहे तो. सगळे वाट बघतायत."

शनिवारी आम्ही घरी होतो. सोमवारी रस्ता उघडला.

बार्बेक्यूला सगळं गाव होतं. दगड टेबलावर ठेवला, त्यावर मर्व्हने बारीक ब्रशने 'रेक्स आणि ग्लेनिस' लिहिलं आणि टाळ्या झाल्या. रेक्सने सगळी हकिगत सांगितली. मला माहीतच नव्हतं की त्याला इतकं चांगलं सांगता येतं. नळ कसा खोकला, फळी कशी काढली, पाहुणा कसा बसला होता. आणि मग लोक आणखी मागतायत म्हटल्यावर तो वाळूत बसल्यासारखा खाली बसला, आवाज बारीक केला आणि मान तिरपी करून म्हणाला, "रेक्स, पाया पडते तुझ्या! फक्त बारा किलोमीटर!"

लोक अक्षरशः हसून कोसळले. मर्व्हची बायको जॉयस माझ्या शेजारी होती. तिने माझा हात धरला, पण हसत तीही होती. मर्व्हने रेक्सच्या पाठीत अशी थाप मारली की त्याच्या हातातली बिअर सांडली. नऊ वर्षांतली पहिली थाप. तेव्हापासून त्याला कुणी 'शहरातला' म्हटलं नाही.

आणि मी? मीही हसले. हसावंच लागतं.

मी पुन्हा तळ्याचं काढलं, तर आधी त्याचा गुडघा दुखत होता, मग गहू कापायला आला आणि मर्व्हला मदत हवी होती, मग डिसेंबरात आमच्याकडचा उन्हाळा आला. उन्हाळ्यात तळं आटलं. नाताळला माझी बहीण दारात उभी राहिली आणि बोलेपर्यंत मी तिला ओळखलं नाही. डाग जिंकला. आता मी माणसं आवाजावरून आणि खोकल्यावरून ओळखते, आणि खरं म्हणजे चेहऱ्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

दोन वर्षांनी क्वीन्सलँड पुन्हा बुडालं.

रेक्सने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. मूर्खच मी. मला वाटलं, कडेने तर दिसतं अजून. पाण्याची चमक तरी दिसेल, पाखरांची पांढरी हालचाल तरी. वडिलांनी सांगितलेल्या जागी उभी तरी राहीन.

"मर्व्ह, डग आणि मी जाणार आहोत," तो म्हणाला. "आपलाच ट्रेलर नेणार. सगळ्यांत चांगला सजवलेला तोच आहे, मर्व्हच म्हणाला."

"आणि मी?"

तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "तू येऊन काय करणार, ग्लेनिस? तुला तिथे काय दिसणारे आता? उगाच तीन दिवस हाडं खिळखिळी करून घ्यायची. मी फोटो काढून आणतो ना."

फोटो! बोलून झालं होतं माझं, वाळूत बसून.

महिनाभर शेडमधून ठोकाठोक ऐकू येत होती. तंबूतला माझा बिछाना निघाला. त्या जागी दुसरा फ्रीज बसला, बिअरचा. रेक्स खुशीत होता. "तू नाहीस म्हटल्यावर वजनाला केवढा वाव मिळाला!" तो म्हणाला. मनात काही नव्हतं त्याच्या. हिशेब सांगत होता नुसता. एके दिवशी मी कपाटात हात घातला तर दुर्बीण जागेवर नव्हती.

"दुर्बीण कुठाय?"

"घेतलीये मी बरोबर. मर्व्ह म्हणाला, तळ्यावर दुर्बिणीशिवाय जाणं म्हणजे वेडेपणा."

दगड आमच्याच शेडमध्ये होता. नवा ट्रेलर कुणी केलाच नव्हता, त्यामुळे पाहुणा फळीवर आमच्या नावासकट बसून होता. रेक्स, मर्व्ह आणि डग वजन करायला धान्याच्या काट्यावर जाऊन आले, जीप आणि ट्रेलर शेडमध्ये लावले आणि तिघे मर्व्हकडे मटण घ्यायला गेले. भरदुपार होती. मी शेडमध्ये गेले.

शेडमध्ये मला डोळे लागत नाहीत. हत्यारं कुठे, खिळे कुठे, सगळं बोटांना पाठ आहे. दगड बागेतल्या ढकलगाडीत घातला आणि ट्रेलरपाशी नेला. फळी काढली. टाकीवर हात फिरवला आणि ठिगळ सापडलं, खरबरीत, कडांना जरा उचललेलं. रेक्सने नवा फोम लावला होता. मी तो नखांनी उपटला, तसाच, जसा मर्व्हने उपटला होता. दगड आत बसवला आणि बोटाने चाचपून त्याची धार बरोबर ठिगळावर आणली. फळी लावली. फोम चुलीत घातला. हात धुतले आणि त्यांच्यासाठी सँडविच बांधायला घेतलं.

मला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. तिकडे आता रोज माणसं जातात, तळं भरलंय म्हणून. मला त्यांना फक्त मागे फिरवायचं होतं. बाराएक किलोमीटरवर, मिठाचा वास येत असताना, पाखरं डोक्यावरून जात असताना. रेक्सने फळी काढावी, तोंड फिरवावं आणि तीन दिवस गाडी चालवत घरी यावं. मग मी त्याला दारातच विचारणार होते, "काय, दिसलं का तळं?" एवढंच. एवढं झालं असतं तर माझं सगळं फिटलं असतं.

निघताना मर्व्ह म्हणाला, "काळजी करू नकोस ग्लेनिस, तुझ्या नवऱ्याला धडधाकट आणून देतो."

"पाणी भरलंय ना?" मी विचारलं.

"काठोकाठ!" रेक्स म्हणाला.

चार दिवस मी घरात फिरत होते. रेडिओ लावत होते, बंद करत होते. त्यांनी बरोबर उपग्रहाचा फोन घेतला होता, भाड्याने. चौथ्या दिवशी दुपारी आमचा फोन वाजला.

"ग्लेनिस!" रेक्सच होता. ओरडत होता. "काय बाई आहेस तू! काय बाई आहेस!"

मी रेडिओ बंद केला.

"टाकी ठणठणीत कोरडी! जेवायला थांबलो, नळ उघडला, आणि खोकला की तो! मर्व्हने फळी काढली आणि आत आपला पाहुणा! अगं मर्व्ह हसून हसून लोळला जमिनीवर. डगच्या पोटात दुखायला लागलं. म्हणतात, आख्ख्या क्लबात असला डाव कुणी टाकला नाही. आणि तोही एका आंधळ्या बाईने!"

मागून मर्व्हचा आवाज आला, "तिला सांग, आजपासून ती सभासद! वर्गणी माफ!"

"कुठे आहात तुम्ही?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? तळ्यावर! समोर पाणीच पाणी आहे, ग्लेनिस. पलीकडचा काठ दिसत नाही. पेलिकन किती आहेत म्हणून सांगू! मर्व्ह दुर्बीण सोडायला तयार नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"आणि पाणी? टाकी रिकामी होती ना?"

"होती की."

"मग पुढे कसे गेलात? नियम?"

"अगं, बाराच किलोमीटर तर राहिले होते," रेक्स म्हणाला. "एवढ्यासाठी कोण मागे फिरतं? आणि बिअर आहे की फ्रीजभर. हे घे, ऐक, ऐक पेलिकन!"

त्याने फोन तळ्याकडे धरला असावा. वडिलांनी मला सांगितलं होतं, मोठे पेलिकन फारसे ओरडत नाहीत. मला वारा ऐकू आला, बाटली उघडल्याचा आवाज आला आणि तिघांचं हसणं ऐकू आलं.

"दगडावर आता तुझं एकटीचं नाव टाकायचं ठरलंय," रेक्स परत फोनवर आला. "मर्व्ह म्हणतो, चांगलं मोठ्या अक्षरांत टाकू. तुला वाचता आलं पाहिजे!"

ते पुन्हा हसले. मग थांबले. मी हसेन म्हणून ते वाट बघत होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि मागे वारा. मी फोन कानाला धरून उभी राहिले आणि हसले नाही.

"ग्लेनिस?" रेक्स म्हणाला. "ग्लेनिस, ऐकतेयस ना?"

"लाईन गेली बहुतेक," मर्व्ह म्हणाला, आणि त्यांनी फोन बंद केला.